अनोळखी माणसाशी व्यवहार करण्याआधी: मोबाईलवरून खात्री कशी करायची

एप्रिल महिना, आंब्याची पहिली मोठी काढणी. पुण्याकडच्या एका फळविक्रेत्याचा फोन आला. पाच डझनी चाळीस पेट्या हव्यात, पैसे आत्ताच पाठवतो म्हणाला. अर्ध्या तासात व्हॉट्सअॅपवर बँकेच्या पावतीचा स्क्रीनशॉट आला. रक्कम बरोबर, माझं नाव बरोबर, खात्याचे शेवटचे चार आकडे बरोबर, वर हिरवी खूण. पाठोपाठ पैसे जमा झाल्याचा एसएमएस. मी गाडी भरायला घेतली. आबा पडवीत बसून बघत होते. म्हणाले, "पैशे खात्यात इले काय ता बघ आधी. फोटो काय बघतंस?" मी म्हटलं, आबा, मेसेज आलाय ना.

गाडी नांदगाव तिठ्यावरून हायवेला लागली, रात्री मी बँकेचं अॅप उघडलं, तर खात्यात दमडी नाही. तो एसएमएस बँकेच्या नावाने आलाच नव्हता. साध्या दहा आकडी नंबरावरून आला होता, आणि स्क्रीनशॉट पाठवणारानेच तो टाइप केला होता. चाळीस पेट्या गेल्या. आबा त्यावर आजतागायत एक शब्द बोललेले नाहीत, आणि तेच जास्त लागतं.

तेव्हापासून मी एक सवय लावून घेतली. ती इथे सगळी मांडतो. बागायतदार, होमस्टेवाले, जागा घ्यायला निघालेले चाकरमानी, बोटीवर जायला निघालेली पोरं, सगळ्यांना यातलं काही ना काही उपयोगी पडेल.

मोबाईल काय सांगतो आणि काय नाही

प्ले स्टोअरवर आवाजावरून किंवा चेहऱ्यावरून खोटं पकडतो म्हणणारी अॅप मिळतात. ती लहान मुलांच्या खेळापलीकडे काही नाहीत. पोलिसांकडची खरीखुरी पॉलिग्राफ चाचणीसुद्धा माणसाच्या संमतीशिवाय करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात सांगितलं. संमतीने केली तरी तिचा निष्कर्ष एकट्याने पुरावा ठरत नाही. मग दोनशे रुपयांचं अॅप काय सांगणार? एआय चॅटबॉटला "अमुक माणूस प्रामाणिक आहे का" असं विचारणंही फुकट. त्याला माहीत नसतं, आणि माहीत नसताना तो छान वाक्यं जुळवून देतो.

मोबाईल दोनच कामं नीट करतो. समोरच्याने जे सांगितलं ते कुठल्या सरकारी किंवा बँकेच्या नोंदीशी जुळतंय का, हे दाखवतो. आणि त्या माणसाला प्रत्यक्ष ओळखणाऱ्या तिसऱ्या माणसापर्यंत आपल्याला पोचवतो. दुसरं काम जास्त महत्त्वाचं, पण पहिल्याशिवाय तिथवर जाता येत नाही.

किती खोलात जायचं ते किती बुडू शकतं त्यावर ठरवा. दोन पेट्यांच्या गिऱ्हाईकाची कुंडली काढत बसू नका. ते बरं दिसत नाही आणि वेळही जातो. दहा हजारांच्या पुढे नाव आणि पैसे तपासा, लाखाच्या पुढे सगळं तपासा. जागेच्या व्यवहाराला वकिलाशिवाय हात घालू नका, मग तुम्ही मोबाईलवर कितीही हुशार असा.

पहिली पायरी: नाव आणि नंबर

ट्रूकॉलरवर दिसणारं नाव हा पुरावा नव्हे. ते लोकांच्या फोनबुकांतून गोळा झालेलं असतं, आणि माणूस स्वतःही हवं ते नाव लावू शकतो. "इन्स्पेक्टर साहेब" असंही लावतात. त्याचा उपयोग एवढाच की अनेकांनी त्या नंबराला स्पॅम ठरवलं असेल तर ते लाल रंगात दिसतं.

त्याहून बरी युक्ती यूपीआयची. पैसे पाठवायच्या पडद्यावर त्याचा मोबाईल नंबर टाका. पैसे पाठवायचे नाहीत, फक्त वर कोणतं नाव येतं ते बघायचं. हे नाव बँक खात्याशी जोडलेलं असतं, त्याने हौसेने लावलेलं नसतं. बँकेच्या एनईएफटी, आरटीजीएसमध्येही खातं आणि आयएफएससी टाकल्यावर खातेदाराचं नाव दाखवण्याची सोय रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने २०२५ पासून आली आहे.

आता नाव जुळलं नाही तर? लगेच चोर म्हणू नका. आपल्याकडे निम्म्या घरांत सिम मुलाच्या नावावर, खातं बायकोच्या नावावर आणि फोन आजोबांच्या हातात असतो. सरळ विचारा, "दादा, पैसे पाठवायला गेलो तर दुसरंच नाव येतंय, कुणाचं?" खरा माणूस हसून सांगतो, "मिसेसचं आहे." खोट्याला राग येतो, किंवा तो घाई करायला लागतो, किंवा चटकन दुसरा नंबर देतो. माझ्या अनुभवात नाव न जुळण्यापेक्षा या प्रश्नाला मिळालेलं उत्तर जास्त बोलकं असतं.

नंतर केंद्र सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर जा. तिथे संशयितांचा शोध घ्यायची सोय आहे. मोबाईल नंबर, यूपीआय आयडी, खाते क्रमांक, ईमेल, वेबसाइट, काहीही टाकून त्यावर आधी तक्रार झाली आहे का बघता येतं. नोंद सापडली तर विषय संपला. नाही सापडली तर त्याचा अर्थ एवढाच की अजून कुणी तक्रार केलेली नाही. नवा नंबर घेतलेल्या भामट्याची पाटी कोरीच असते.

फोटो आणि ओळखपत्रं

ओळखपत्राचा फोटो न मागता पाठवणाऱ्यापासून सावध राहा. "मी आर्मीत आहे, हे माझं कार्ड" म्हणून गणवेशातला फोटो पाठवणारे भामटे जुनी दुचाकी विकणाऱ्यांनाही गाठतात आणि आंबेवाल्यांनाही. तो फोटो गूगल लेन्समध्ये टाकून बघा. तोच फोटो दुसऱ्या नावाने कुठे आला असेल तर कधी कधी सापडतो. खोल्यांचे, बागेचे, गाडीचे फोटोही असेच बघा. तारकर्लीची म्हणून पाठवलेली खोली केरळातल्या एखाद्या रिसॉर्टची निघते.

आधार कार्डाचा फोटो म्हणजे निव्वळ चित्र. नाव आणि फोटो बदलायला पाच मिनिटं लागतात. व्यवहार मोठा असेल आणि माणूस समोर असेल तर कार्डावरचा क्यूआर आधारच्या अधिकृत अॅपने स्कॅन करा. त्यात डिजिटल सहीची माहिती असते, छापलेल्या नावाशी ती जुळली पाहिजे. आधारच्या वेबसाइटवर नंबर टाकला तर तो चालू आहे का, वयाचा गट, लिंग, राज्य आणि मोबाईलचे शेवटचे तीन आकडे दिसतात. नाव मात्र दिसत नाही. बागेवर राखणीला किंवा घरकामाला माणूस ठेवताना हे करा आणि जवळच्या पोलिस ठाण्यात माहितीही द्या. बागांवर नेपाळची बरीच मंडळी असतात. त्यांच्याकडे आधार नसला म्हणून ते खोटे ठरत नाहीत. त्यांचं नागरिकत्वाचं कार्ड बघा आणि आधी कुणाच्या बागेवर होते त्या मालकाला फोन लावा. माझ्या मते शंभर कागदांपेक्षा तो एक फोन बरा.

व्यापारी खरा आहे का

व्यापारी म्हणवणाऱ्याकडे जीएसटी नंबर मागा. पंधरा अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे: महाराष्ट्र २७, गोवा ३०, कर्नाटक २९, गुजरात २४. त्यापुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन, आणि पॅनमधलं चौथं अक्षर माणसाचा प्रकार सांगतं: पी असेल तर व्यक्ती, एफ असेल तर भागीदारी, सी असेल तर कंपनी. कुणी "आमची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे" म्हणतो आणि चौथं अक्षर पी निघतं, तिथेच बोलणं अडकतं.

नंबर जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर करदाता शोधा या ठिकाणी टाका. लॉगिन लागत नाही. कायदेशीर नाव, व्यवसायाचं नाव, नोंदणीची तारीख आणि नोंदणी चालू, निलंबित की रद्द, हे सगळं दिसतं. खाली विवरणपत्रं कधी भरली त्याचा तक्ता उघडता येतो. मी सगळ्यात जास्त वेळ त्या तक्त्यावर घालवतो. वीस वर्षं धंद्यात आहे म्हणणाऱ्याची नोंदणी तीन महिन्यांपूर्वीची असेल, किंवा गेल्या सहा महिन्यांत एकही विवरणपत्र नसेल, तर चहा पाजा पण उधारी देऊ नका.

एक मात्र लक्षात ठेवा. ताज्या आंब्यावर जीएसटी नाही, आणि फक्त करमुक्त माल विकणाऱ्याला नोंदणी सक्तीची नाही. त्यामुळे निव्वळ ताजी फळं विकणाऱ्याकडे जीएसटी नंबर नसेल तर तो गुन्हा नव्हे. पल्प, आमरस, लोणचं, काजूगर यात उतरलेला असेल तर नंबर असण्याची शक्यता मोठी, आणि खाद्यपदार्थांचा चौदा आकडी एफएसएसएआय नंबर तर असलाच पाहिजे. तोही त्यांच्या पोर्टलवर तपासता येतो. मी वाशीचा आडतदार आहे असं कुणी म्हणत असेल तर बाजार समितीचा परवाना आणि गाळा नंबर मागा, आणि त्या गाळ्याच्या आजूबाजूच्या कुणाला तरी विचारा. आपल्या गावातून वाशीला माल पाठवणारे चार जण तरी असतात. त्यांच्याकडे त्याची जुनी पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशोबाचा कागद, असेल तर ती बघा. भाव काय लावला, हमाली-तोलाई किती कापली, पैसे किती दिवसांनी आले, सगळं त्या एका कागदावर असतं.

कंपनी असेल तर कॉर्पोरेट मंत्रालयाच्या पोर्टलवर तिचं नाव शोधा. कंपनीच्या नोंदणीच्या एकवीस अक्षरी क्रमांकातच (सीआयएन) स्थापनेचं वर्ष लिहिलेलं असतं. माल न्यायला ट्रक आला की त्याचा नंबर एमपरिवहन अॅपवर टाका. विमा आणि फिटनेस चालू आहे का ते कळतं, गाडीचा प्रकार समोरच्या गाडीशी जुळतो का तेही कळतं. नंबरप्लेटचा आणि चालकाच्या लायसन्सचा फोटो काढून ठेवायला संकोच करू नका. सच्चे चालक स्वतःच लायसन्स काढून हातात देतात.

पैसे: इथे घाई नको

माझी चूक इथलीच, म्हणून थोडं लांबवतो.

स्क्रीनशॉट म्हणजे काहीच नव्हे. पावतीचे हुबेहूब फोटो बनवणारी अॅप आहेत. पैसे आले की नाही हे फक्त आपल्या बँकेच्या अॅपमध्ये किंवा पासबुकात कळतं. रेंज नसेल, आणि आमच्या सड्यावर ती नसतेच, तर गाडी अर्धा तास थांबवा. आंबा अर्ध्या तासात पिकून पडत नाही.

एसएमएस वाचताना आधी पाठवणाऱ्याचं नाव बघा. बँकेचा मेसेज दहा आकडी नंबरावरून येत नाही. तो सुरुवातीला दोन अक्षरं, मग बँकेचं छोटं नाव अशा शीर्षकाने येतो, आणि २०२५ पासून शेवटी एक अक्षर असतं: व्यवहारासाठी टी, सेवेसाठी एस, जाहिरातीसाठी पी, सरकारी असेल तर जी. मला आलेल्या त्या मेसेजवर यातलं काहीच नव्हतं. मी बघितलंच नाही.

पैसे घेण्यासाठी क्यूआर स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत. हे चुलत काकूला मी तीनदा सांगितलं, तरी "दोन रुपये टाकून बघा, परत येतात" म्हणणाऱ्याला ती फसलीच होती. त्याने खरोखरच दोन रुपये परत पाठवले होते. विश्वास बसला आणि पुढचा स्कॅन नऊ हजारांचा झाला.

"चुकून जास्त पैसे आले, फरक परत करा" असं कुणी म्हणालं तर आधी खातं बघा. आणि लिंक आली तर पत्ता बघा. रिझर्व्ह बँकेने बँकांना ऑक्टोबर २०२५ अखेरपर्यंत बँक डॉट इन हे खास डोमेन घ्यायला लावलं आहे, सरकारी पोर्टलांचा पत्ता जीओव्ही डॉट इन ने संपतो. दोन्हींपैकी काहीच नसेल तर त्या पानावर आधार, पॅन, कार्ड काही भरू नका.

जागा: इथे सातबाराच बोलतो

जागेच्या बाबतीत माणसापेक्षा जमिनीची तपासणी करा, माणूस आपोआप उघडा पडतो. मुंबई-पुण्याकडचे लोक "सी व्ह्यू प्लॉट" च्या जाहिराती बघून टोकन देऊन बसतात. एजंट गोड बोलतो, गाडीतून फिरवतो, माशाचं जेवण घालतो. त्याचा हसरा चेहरा बाजूला ठेवा आणि त्याच्याकडून तीन गोष्टी घ्या: गाव, तालुका, गट किंवा सर्व्हे नंबर. हे द्यायला जो टाळाटाळ करतो त्याच्याशी पुढे बोलायचं कारण नाही.

महाभूमीच्या भूलेख संकेतस्थळावर सातबारा फुकट बघता येतो. तो माहितीपुरता असतो. डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपयांत मिळतो आणि तो कायदेशीर कामाला चालतो. एजंटने हातात पीडीएफ दिली असेल तर तिच्यावरचा पडताळणी क्रमांक संकेतस्थळावर टाकून बघा, किंवा सरळ पंधरा रुपये भरून आपला आपण काढा. मी दुसरंच करतो.

सातबारा उघडला की भोगवटादारांची नावं वाचा. कोकणात एका गटावर वीस-पंचवीस नावं असणं नेहमीचं. बरीच जमीन सामाईक असते, आणेवारीने. विकणारा म्हणतो "माझीच जागा आहे", पण सातबाऱ्यावर त्याचा हिस्सा असतो दोन आणे, आणि बाकीचे चौदा आणे गिरगाव, परळ, डोंबिवलीत विखुरलेल्या चुलत भावंडांचे. त्यात काही नावं वारलेल्यांची असतात, कारण वारस नोंद झालेलीच नसते. शासनाने २०२५ मध्ये जिवंत सातबारा मोहीम काढली ती यासाठीच. सगळ्यांच्या सह्या किंवा रीतसर वाटप झाल्याशिवाय "हा समोरचा तुकडा तुमचा" असं कुणीही बोट दाखवून सांगू शकत नाही.

मग इतर हक्काचा रकाना. कुळाचं नाव, बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा, न्यायालयाचा मनाई हुकूम, सगळं इथे असतं. भोगवटादार वर्ग २ असेल तर परवानगीशिवाय विक्री होत नाही. सिंधुदुर्गात आकारीपड (सारा थकल्याने सरकारजमा झालेली जमीन) आणि वनसंज्ञा (वन म्हणून नोंदलेली खासगी जमीन) हे दोन शब्द कानावर पडले की थांबा आणि वकील गाठा. समुद्रालगत असेल तर सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावरचे निर्बंध, आहेतच. आणि सगळ्यात जुनी थाप: "तुम्ही शेतकरी नसलात तरी चालतं, दाखला आम्ही करून देतो." कूळ कायद्याच्या कलम ६३ नुसार शेतकरी नसलेल्याला शेतजमीन परवानगीशिवाय घेता येत नाही. असा दाखला करून देणारा माणूस तुमच्यासाठी जे बनवतो ते तुमच्याविरुद्धही बनवू शकतो.

पुढचं काम फेरफारांचं. सातबाऱ्यावर फेरफार क्रमांक असतात. जागा या माणसाकडे कशी आली ते त्यातून कळतं: खरेदीने, वारसाने की बक्षीसपत्राने. आपली चावडी या संकेतस्थळावर गावातल्या चालू फेरफारांच्या नोटिसा दिसतात. त्यावर हरकत घ्यायला पंधरा दिवस असतात. मुंबईत राहणाऱ्या प्रत्येक चाकरमान्याने महिन्यातून एकदा आपल्या गावाची चावडी उघडून बघावी. परस्पर नाव लागतंय हे कळण्याचा तो फुकटातला रस्ता आहे. तलाठ्याला फोन करणं तर आहेच. त्यांचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण आमच्या तोंडी तलाठीच बसलाय.

नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्चवर जिल्हा, तालुका, गाव आणि गट नंबर टाकून सूची दोन, म्हणजे नोंदवलेल्या दस्तांचा गोषवारा, बघता येते. तीच जागा गेल्या वर्षी दुसऱ्या कुणाला विकलीय का, गहाण आहे का, साठेखत झालंय का, ते तिथे दिसतं. कुलमुखत्यारपत्र घेऊन आलेला माणूस असेल तर ते नोंदणीकृत आहे का आणि देणारा हयात आहे का ते बघा. देणारा वारला की मुखत्यारपत्रही सहसा संपतं. शक्य असेल तर मूळ मालकाशी व्हिडिओ कॉल लावा आणि त्याला जागेची चतुःसीमा विचारा. पूर्वेला कोणाची जागा, वहाळ कुठून जातो. खरा मालक पंचाहत्तरीचा असला तरी डोळे मिटून सांगतो.

आखलेले प्लॉट किंवा फ्लॅट असतील तर महारेरा, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणारं राज्याचं प्राधिकरण. जागा पाचशे चौरस मीटरच्या वर आणि घरं किंवा प्लॉट आठपेक्षा जास्त असतील तर प्रकल्पाला नोंदणी लागते, एजंटलाही लागते. ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोड छापणं बंधनकारक आहे. स्कॅन करून पान महारेराचंच उघडतं का आणि प्रकल्पाचं नाव, गाव, मुदत जुळते का ते बघा. फक्त नंबर छापलाय म्हणून समाधान मानू नका. दुसऱ्याच प्रकल्पाचा नंबर छापलेला असू शकतो.

शेवटी ई-कोर्ट्स. पक्षकाराच्या नावाने जिल्हा आणि तालुका न्यायालयातले दावे शोधता येतात. ओरोस, रत्नागिरी, अलिबाग, आणि जिथे जागा आहे तो तालुका, असं एकेक करून बघा. नाव मराठीत आणि इंग्रजीत वेगवेगळ्या स्पेलिंगने टाका. इथे मात्र जपून. एकाच आडनावाची आणि नावाची चार माणसं एका वाडीत असतात. वडिलांचं नाव आणि गाव जुळल्याशिवाय कुणावर खटला चिकटवू नका. आणि दावा असणं म्हणजे माणूस वाईट असंही नाही. कोकणात बांधावरून दावा नसलेलं घर शोधावं लागेल.

होमस्टे: दोन्ही बाजूंनी

पाहुणा असाल तर गूगल मॅपवरचा नंबर आंधळेपणाने लावू नका. तिथल्या माहितीत कुणीही बदल सुचवू शकतो, आणि खऱ्या हॉटेलच्या नावाने भलताच नंबर किंवा अख्खी खोटी वेबसाइट बनवलेली असते. परीक्षणं वाचताना तारखा बघा. एकाच आठवड्यात तीस जणांनी पाच तारे दिलेत आणि आधी-नंतर शुकशुकाट, ही विकत घेतलेली स्तुती. मी तीन तारेवाली परीक्षणं आधी वाचतो. "जेवण उत्तम, पण पाण्याचा दाब कमी, शेवटचा रस्ता कच्चा" असं लिहिणारा माणूस तिथे राहून आलेला असतो.

आणि सगळ्यात सोपी गोष्ट: मॅपवर त्या घराशेजारचं किराणा दुकान किंवा खानावळ शोधा आणि त्यांना फोन करा. "तुमच्या शेजारी अमुक होमस्टे आहे ना, चालू आहे ना?" गुहागर असो की दिवेआगर, कोकणातला दुकानदार हे आनंदाने सांगतो, वर मालकाचा खरा नंबरही देतो. नाहीतर यजमानाला लगेच व्हिडिओ कॉल करून म्हणा, जरा अंगणात या, समोर काय दिसतं दाखवा. रेंज नाही म्हणाला तर ती खरी अडचण असू शकते. मग लाइव्ह लोकेशन मागा.

यजमान असाल तर आगाऊ रक्कम थोडी घ्या, पण घ्या. पाहुणे आले की प्रत्येक मोठ्या माणसाचं ओळखपत्र बघून नोंदवहीत लिहा. झेरॉक्स ठेवलीत तर ती इकडेतिकडे टाकू नका. तीही कुणाच्या तरी फसवणुकीच्या कामाला येते.

बोटीवर किंवा आखातात नोकरी

आमच्याकडे वाडीतून एक तरी पोरगा बोटीवर असतो, आणि म्हणून एजंटांचा सुळसुळाट. बोटीवर भरती करणाऱ्या कंपनीकडे डीजी शिपिंगचा, म्हणजे केंद्राच्या जहाजवाहतूक महासंचालनालयाचा, आरपीएसएल हा भरतीचा परवाना लागतो. त्यांच्या संकेतस्थळावर परवानाधारकांची यादी आहे. नाव, पत्ता आणि परवान्याची मुदत तिन्ही जुळलं पाहिजे. अशा परवानाधारकाला खलाशाकडून नोकरी लावण्याचे पैसे घेता येत नाहीत. "जॉइनिंगसाठी साडेतीन लाख" म्हणणारा कितीही ओळखीचा असला, गावचा जावई असला, तरी तिथून उठा.

आखातातल्या नोकरीसाठी ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदणीकृत एजंटांची यादी आहे. त्यांना कामगाराकडून जास्तीत जास्त तीस हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी घेता येतो, पावती देऊन. पर्यटक व्हिसावर नेऊन "तिकडे गेल्यावर बदलू" म्हणणाऱ्याबरोबर पोराला पाठवू नका.

माणसाची चौकशी माणसाकडे

इतकं झाल्यावर हातात दोन-तीन धागे येतात: त्याचं गाव, जुना पत्ता, कुणाकडे माल घेतला ते. आता फोन उचला. वाडीचा ग्रुप, मुंबईतलं ग्राममंडळ, शाळेचा ग्रुप, यात कुणी ना कुणी त्या गावचं असतं. ग्रुपवर जाहीर विचारू नका, एकेकाला खासगीत विचारा. "हा चोर आहे का?" असं विचारलं तर लोक तोंड मिटतात. "यांच्याशी तुमचा व्यवहार झालाय का? पैसे वेळेवर आले का? परत कराल का?" असं विचारा. तिसऱ्या प्रश्नानंतर समोरचा किती वेळ गप्प राहतो ते ऐका.

काय करू नये तेही सांगतो. कुणाचे कॉल रेकॉर्ड विकत काढून देणारे भेटतात. तो गुन्हा आहे. दुसऱ्याचा सिबिल स्कोअर आपल्याला बघता येत नाही, दाखवतो म्हणणारा स्वतःच भामटा. आणि संशयावरून कुणाचा फोटो "सावधान, फसवा माणूस" म्हणून गावभर फिरवलात आणि संशय खोटा ठरला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामीची तक्रार तुमच्यावर होऊ शकते.

मुंबईतल्या पुतण्याच्या आवाजात "काका, अपघात झालाय, लगेच पैसे टाका" असा फोन आला तर ठेवून द्या आणि त्याच्या नेहमीच्या नंबरावर आपण फोन लावा. आवाजाची नक्कल आता यंत्र करतं. आमच्या घरात ठरलंय की अशा वेळी जुन्या बैलाचं नाव विचारायचं. व्हिडिओवर पोलिसाच्या वेशात "डिजिटल अरेस्ट" करणाऱ्यालाही हेच: फोन ठेवा. अशी अटक कायद्यात नाही.

आणि पैसे गेलेच तर पहिला फोन १९३० ला, दुसरा बँकेला. भाऊबंदांना नंतर सांगा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता आले तर परत मिळायची आशा असते, म्हणून पहिला तास मोलाचा. मी दुसऱ्या दिवशी दुपारी फोन केला होता. सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवताना चॅट, नंबर, व्यवहार क्रमांक सगळं लागतं. रागाच्या भरात चॅट उडवू नका. फसवणुकीचा प्रयत्न झाला पण पैसे गेले नाहीत, तरी दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर चक्षू या सोयीत तो नंबर कळवा.

यंदा मार्चमध्ये नाशिकच्या एका नव्या फळवाल्याचा फोन आला. मी नंबर तपासला, जीएसटीचा तक्ता बघितला, वाशीतल्या ओळखीच्या आडतदाराला विचारलं. सगळं नीट होतं. शेवटी त्याला म्हटलं, पहिल्या वेळी दहाच पेट्या देईन आणि पैसे खात्यात आल्यावर गाडी हलेल. तो म्हणाला, "चालेल. पण काका, माझीही एक अट. हापूस म्हणून बरेच जण भलतंच पाठवतात. बाग तुमचीच आहे, हे कशावरून?"

पंधरा रुपये भरून डिजिटल सहीचा सातबारा काढला आणि त्याला पाठवला. मग व्हिडिओ कॉल लावून कलमांमधून फिरलो. वाटेत आबा दिसले, काठीला टेकून उभे. त्यांनी फोनमध्ये डोकावून विचारलं, "ह्यो कोण?"

"गिऱ्हाईक," मी म्हटलं. "बाग आपली आहे का बघतोय."

"बघूंदे," आबा म्हणाले, "पैशे इले काय?"